हाराला जागा

फोटो काढण्याआधी मामा माणसाच्या डोक्यावरची रिकामी जागा मोजायचे. समोरच्याला स्टुलावर बसवायचं, मूठ वळून त्याच्या टाळूवर हवेत धरायची, मग दोन्ही खांद्यांच्या बाहेर चार-चार बोटं. मोजून झालं की कॅमेऱ्यामागे जाऊन तेवढ्या जागेसकट माणूस चौकटीत बसवायचा. एवढी मोकळी जागा कशाला म्हणून कुणी विचारलं, तर शांतपणे सांगायचे, "हाराला."

विचारणारा अर्थातच जिवंत असायचा. तो स्टुलावरून उठायला बघे.

"आज नव्हे हो," मामा त्याची समजूत घालायचे. "एक दिवस लागेल. तेव्हां जागा कुठून आणाल?"

साठीच्या माणसाला ते असं सांगत, आणि शाळेच्या दाखल्यासाठी आईच्या कडेवर आलेल्या मुलीलाही तसंच सांगत. भेदभाव नव्हता.

त्यांचं नाव सांगून फारसा उपयोग नाही. तंजावरातल्या कुठल्याही मराठी माणसाला तमिळ शेजारी नुसतं राव म्हणतात, आणि यांना तर सगळी गल्लीच मामा म्हणे. राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत स्टुडिओ, मधे फिल्म धुवायची काळी खोली, मागे मामी आणि स्वयंपाकघर. मी कराडहून बदली होऊन तिथल्या केंद्र सरकारच्या प्रयोगशाळेत गेले होते. कालव्यांचं आणि विहिरींचं पाणी तपासणं हे माझं काम. एक दिवस मामा नळाचं पाणी बाटलीत भरून माझ्या टेबलाशी आले आणि तमिळमध्ये म्हणाले, हे चांगलं आहे का बघा.

"पिण्यासाठी?" मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये विचारलं.

"प्यायला कसलंही चालतं. फिल्म धुवायची आहे."

मी आपल्याशीच मराठीत काहीतरी पुटपुटले असेन. ते थबकले.

"तुम्ही मराठी?"

"हो. आणि तुम्ही?"

"आम्हीही. साडेतीनशें वर्षं झालीं."

त्यांची मराठी पोथीतून उठून आल्यासारखी होती, आणि हेल पक्का तमिळ. बोलत घडाघडा, पण देवनागरीचं एक अक्षर त्यांना वाचता येत नसे. हिशेबाच्या वहीपासून पाकिटांवरच्या खुणांपर्यंत सगळं तमिळमध्ये. माझी बदलीची ऑर्डर मराठीत करून सांगा म्हणाले तेव्हा मला वाटलं चौकशी करताहेत, पण त्यांना फक्त मराठी ऐकायची होती. ऑर्डर ऐकून म्हणाले, "छान लिहिलें आहे."

पाण्यात क्षार बेताचे होते. त्यांची खरी अडचण उष्म्याची होती. उन्हाळ्यात तंजावरचा नळ उघडला की चहाचं आधण आल्यासारखं पाणी येतं, आणि फिल्मला गार पाणी लागतं. म्हणून काळ्या खोलीत ओलं फडकं गुंडाळलेले पाच माठ असत. त्यातलं पाणी प्यायची घरात कुणाला परवानगी नव्हती. फ्रिजच्या दारात फिल्मचे रोल, चिंचभाताच्या मसाल्याच्या बरणीला लागून. "लग्न होऊन चाळीस वर्षं झालीं," मामी मला सांगायच्या, "दह्याला जागा मागतें आहे मी."

मुलगा चेन्नईला नोकरीला होता. त्याने वडलांसाठी चांगला डिजिटल कॅमेरा आणला. मामांनी नको म्हटलं नाही. आधी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि मग तो वापरायला काढला. वापरायचे मात्र फिल्मसारखाच. एका माणसाचा एकच फोटो, आणि तो आठ दिवसांनी मिळणार. एकदा माझ्यासमोरच एक गृहस्थ हातघाईवर आले. त्यांना अर्ज त्याच दिवशी द्यायचा होता.

"अहो, पण फोटो आत तयार आहे ना?"

"फोटो तयार आहे," मामा म्हणाले. "तुम्ही तयार नाहीं."

यामागे त्यांची एक विचारसरणी होती, आणि फिल्म धुताना ती मला अनेकदा ऐकावी लागली. माणूस स्टुलावर बसतो तेव्हा त्याच्या मनात स्वतःचा एक चेहरा असतो. फोटो लगेच दाखवला तर तो दोन्ही चेहरे शेजारी ठेवून बघतो आणि म्हणतो, हा पुसा, दुसरा काढा. आठ दिवस गेले की मनातला चेहरा विसरायला होतो. मग जो आला तो आपलाच समजून माणूस घरी घेऊन जातो. "डिजिटलनं लोक वाईट दिसत नाहींत," ते म्हणायचे. "डिजिटलनं लोक स्वतःला नको झालें आहेत."

मी वाद घालायचे. म्हणायचे, मामा, शंभर काढून त्यातला एक चांगला निवडता येतो, हे काय वाईट?

"शंभरांतला निवडायला बसलें की एकही आवडत नाहीं. एकच असला की आवडतो. लग्नाचं तसंच आहे."

"मला निवडायला कोण दिलं होतं?" मामी आतून म्हणाल्या. मामांनी फिल्म पाण्यात हलवली आणि ऐकलं नाही.

लग्नांची बोलावणी त्यांना फार वर्षांपूर्वीच बंद झाली होती. त्यांच्या कॅमेऱ्याच्या एका रोलवर बारा फोटो बसत, आणि एका लग्नाला ते एकच रोल नेत. कुणी तक्रार केली तर म्हणत, "लग्नांत बारा गोष्टी होतात. उरलेलं जेवण." त्यांच्या बारा फोटोंमध्ये मुलीच्या बापाचा एक एकट्याचा फोटो असे, तोही हाराला जागा सोडून. बोलावणी का बंद झाली हे त्यांनी कधी शोधलं नाही.

निगेटिव्ह ठेवायला दोन लाकडी कपाटं होती. नावाने लावायची सोय नव्हती, कारण निम्मी गिऱ्हाइकं राव. म्हणून त्यांनी जगाचे दोन भाग केले होते. डावीकडच्या कपाटात हललेले, उजवीकडच्यात न हललेले. खटका दाबताना ज्याची मान, पापणी, ओठ, काहीही हललं तो डावीकडे गेला, मग तो कलेक्टर का असेना. फोटो दुसऱ्यांदा काढायची पद्धत नव्हती. डावं कपाट गच्च भरलेलं होतं आणि उजव्यात बराच मोकळा भाग होता. मी पहिल्याच भेटीत हलले. त्यांनी ते पाकीट माझ्यासमोर डावीकडे टाकलं.

तंजावरात मला दुसरं वर्ष लागलं तेव्हा आई महिनाभर राहायला आली. आई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली. कराडला माझ्या भावाकडे असायची. तिच्यासमोर कॅमेरा धरला की तिचा उजवा हात आपोआप वर यायचा, तळवा पुढे, आणि तोंडात "अगं, नको". आमच्याकडच्या झाडून सगळ्या फोटोंत आई म्हणजे एक हात आणि त्यामागे थोडी साडी. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायची वेळ आली होती आणि त्यावर लावायला फोटो हवा होता. मी मोठ्या कौतुकाने तिला मामांकडे नेलं.

मामांनी तिला स्टुलावर बसवलं. मूठ वळून तिच्या डोक्यावर धरली.

"हे काय करताहेत?" आईने मला विचारलं.

"हाराला जागा," मामांनीच उत्तर दिलं.

दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर ती मूठ मी वर्षभर गंमत म्हणून बघितली होती. आईच्या डोक्यावर बघून माझं डोकं फिरलं.

"मामा, हा हयातीचा दाखला आहे. ती जिवंत आहे हे सांगायला फोटो पाहिजे."

"होय की. त्यालाही लावा. मग पुढं हाराला होईल."

"एवढी जागा कापून टाका. नुसता चेहरा द्या."

"कापायला येत नाहीं."

आमची अशी जुंपलेली असताना आईने मला गप्प करायला हात वर केला, आणि त्याच क्षणी मामांनी खटका दाबला. मी म्हटलं, दुसरा काढा. ते म्हणाले, एकच. मी आईला हाताला धरून उठवलं आणि समोरच्या झगझगीत दुकानात नेलं. तिथल्या मुलीने तीन मिनिटांत एकोणीस फोटो काढले, त्यातला डोळे उघडे असलेला निवडला आणि आईला दुधासारखं गोरं करून दिलं. फोटोतली बाई आमच्या ओळखीची नव्हती, पण ती जिवंत होती. पेन्शनला तेवढं पुरलं.

घरी येताना मी मामांबद्दल वाटेल ते बोलत होते. आई म्हणाली, "माणूस तऱ्हेवाईक आहे गं. पण खोटं काय बोलला?" मी तिच्यावरही चिडले.

दुसऱ्या दिवशी मी पाण्याचे नमुने आणायला ओरत्तनाडूकडच्या खेड्यांत गेले ती संध्याकाळी परतले. आईच्या केसांत मोगऱ्याचा गजरा होता. देवळात गेले होते म्हणाली. त्या आठवड्यात माझी मोरपंखी रेशमी साडी कपाटात उलट्या घडीची सापडली. मी इस्त्रीवाल्याला बोलले. तो बिचारा तमिळमध्ये शपथा घेत राहिला.

मामांशी मी बोलणं सोडलं. त्यांच्या ते लक्षात आलं होतं की नाही, मला अजून ठाऊक नाही. रस्त्यात दिसले की ते एकच विचारायचे, "आई बऱ्या आहेत?" मी हो म्हणायचे. "सरि," म्हणजे ठीक, असं म्हणून पुढे जायचे. दीड वर्षाने माझी परत कराडला बदली झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा मामींनी कॉफी दिली आणि मामा काळ्या खोलीतून ओरडले, "आई बऱ्या आहेत?"

आई गेल्या वर्षी गेली. झोपेत, कुणाला त्रास न देता. तेराव्याला लावायला फोटो हवा म्हणून मी आणि भाऊ फोन घेऊन बसलो. माझ्या एकट्याच्या फोनमध्ये तिचे हजारावर फोटो होते. मी एकेक सरकवत गेले. हात. हात. नातवाचं डोकं आणि मागे हात. जेवताना अर्धवट मिटलेले डोळे. भावाच्या फोनमध्ये ती पाठमोरी जास्त होती. शेवटी चुलतभावाच्या लग्नातला एक घोळक्याचा फोटो सापडला. त्यात तिच्या गालाशी कुणाचं तरी कोपर होतं. फोटोवाल्याने संगणकावर ते कोपर काढलं आणि तिथे कान भरून दिला. तो कान आईचा नव्हता. चेहरा चौकटीभर मोठा केल्यामुळे हार घातला तो थेट तिच्या एका डोळ्यावर आला. भटजी मंत्र म्हणत होते आणि मी सारखी उठून हार बाजूला सारत होते. तो पुन्हा डोळ्यावर यायचा.

मामांची मूठ मला तेव्हा आठवली.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. तो परका कान बघून बघून मला आईचा खरा चेहरा आठवेनासा झाला. डोळे मिटले की तो गोरा केलेला नाही तर कोपर काढलेला चेहरा यायचा. मला याची भीती वाटायला लागली होती, आणि ही भीती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलं तेव्हा मी रजा टाकली आणि तंजावरला गेले. मामांचा फोन लागत नव्हता. ते आहेत की नाहीत हेही माहीत नव्हतं. त्यांनी काढलेल्या त्या एका फोटोत आईचा हात वर होता हे मला माहीत होतं, पण हाताच्या मागे चेहरा होता, आणि तो तिचा होता. मला तेवढं पुरणार होतं.

मामा होते. स्टुडिओची पाटी उतरवलेली होती. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं होऊनही त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी काम थांबवलं होतं. फ्रिजच्या दारात आता दही होतं. मामींनी मला ओळखून आत घेतलं. मामांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि विचारतील असं वाटलं ते विचारलं नाही.

मी म्हटलं, "मामा, आई गेली. तिचा फोटो न्यायला आले. हललेल्यांत असेल, डावीकडे."

तेव्हाच मला दिसलं की भिंतीशी एकच कपाट आहे.

"तें गेलें," मामा म्हणाले. "दोन वर्षांमागें कार्तिकाच्या पावसांत छत गळलें. नेमकें त्या कपाटावर. निगेटिव्ह एकमेकींना चिकटल्या. सोडवायला गेलों तर पापुद्रा निघाला. एकही राहिला नाहीं."

मी त्या स्टुलावर बसले आणि रडले. बाहेरून कुणी बघितलं असतं तर फोटो काढायला बसले आहे असं वाटलं असतं. मामींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मामा उभेच होते. माझं रडणं आटपेपर्यंत ते थांबले, जसे एखाद्याचं हलणं थांबायची वाट बघत थांबायचे तसे. मग त्यांनी उजवीकडचं कपाट उघडलं.

"मामा, ती हलली होती."

"त्या दिवशीं हलल्या. दुसऱ्या दिवशीं नाहीं."

खालच्या खणातून त्यांनी चाचपडत एक मोठं पाकीट काढलं. आई दुसऱ्या दिवशी एकटीच आली होती. तमिळचं एक अक्षर येत नसताना, दोन गल्ल्या विचारत. येताना गजरा घेतला होता, आणि अंगावर मोरपंखी साडी होती. मामींना ती साडी अजून आठवत होती. म्हणाल्या, "पदर मीच लावून दिलें." आईने मामांना सांगितलं, की काल मुलगी बोलली ते मनावर घेऊ नका, कालचा फोटो माझ्या हाताचा झाला, आज माझा काढा.

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही? नऊ वर्षं झाली."

"आई नको म्हणाल्या. मागायला आली तर द्या म्हणाल्या. नाहीं आली तर समजायचं, तिला चांगला फोटो मिळाला."

पाकिटावर आईच्या अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. शाळेच्या फळ्यावरचं ते गोल, सुटं अक्षर.

"तें काय लिहिलं आहे?" मामांनी विचारलं. "मला वाचायला येत नाहीं. नऊ वर्षं तसंच ठेवलें."

मी वाचून दाखवलं. 'यांना जागा थोडी कमी ठेवायला सांगितली आहे. आपल्याकडे हार बारीक असतात. एकच घाल.'

मामा ऐकत होते. तंजावरचे हार मनगटाएवढे जाड असतात. तुळस, मरवा, मोगरा सगळं एकत्र वळलेलं. मामांचं माप त्या हाराचं होतं, आणि ते बदला म्हणून सांगणारी माझी आई एकटीच.

"तोंडींही सांगितलें होतें त्यांनी," ते म्हणाले. "दोन बोटं कमी करा म्हणून."

"मग?"

"वाद घातलों. त्या ऐकेनात. केलीं कमी." दोन बोटं हवेत धरून म्हणाले, "बरोबर होणार नाहीं. फोटो आखूड दिसेल. पण केलीं."

मी फोटो बाहेर काढला. काळापांढरा, मोठा, एका कोपऱ्यात थोडा पिवळटलेला. आई समोर बघत होती. दोन्ही हात मांडीवर होते, एकावर एक. ती हसत नव्हती, आणि रागावलेलीही नव्हती. मी शाळेतून घरी यायचे तेव्हा ती दारात उभी राहून बघायची, तसं बघत होती. दोन्ही कान तिचेच होते.

आई गेल्यावर मला पहिल्यांदा बरं वाटलं ते त्या खोलीत. मी मामांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "सरि," आणि कपाट लावून घेतलं. निघताना मामींनी त्यांचा मोबाइल नंबर लिहून दिला. "यांना फोन घ्यायला येत नाहीं," म्हणाल्या. "मला करा."

वर्षश्राद्धाच्या सकाळी मी कराडच्या मंडईतून शेवंतीचा हार आणला. बारीक, आणि एकच. बाहेरच्या खोलीत लावलेल्या चौकटीला घातला तो वरून निघाला, केसांच्या वर बोटभर राहिला, दोन्ही खांद्यांच्या बाहेरून उतरला आणि मांडीवरच्या हातांच्या खाली जाऊन मिळाला. भावाने दोनदा लांब जाऊन बघितलं. म्हणाला, सरळ कर. सरळ करायला काही नव्हतं.

दुपारी पानं उठल्यावर मामींना फोन केला. त्यांनी तो मामांच्या कानाला लावला असावा. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला.

"मामा, हार घातला."

"बसला का?"

"बसला."

"चेहऱ्यावर?"

"नाही आला."

फोन कुठेतरी घासल्याचा आवाज आला. मला वाटलं मामींनी फोन काढून घेतला. मग म्हणाले, "माझ्या मापानं असता तर सैल झाला असता."

"हो."

"आईंना सांगा," मामा म्हणाले. "त्यांचं बरोबर होतें."

मी फोन ठेवला, बाहेरच्या खोलीत गेले आणि सांगितलं.